रिकाम्या ग्राइंडरचा आवाज

आमचं घर शेडच्या मागे होतं. पीण्या या कारखान्यांच्या वस्तीत तेव्हा अशी घरं पुष्कळ होती. पुढे पत्र्याची शेड, मागे स्वयंपाकाची खोली आणि निजायची खोली, आणि शेड नि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक दार, ज्याला कडी नव्हती. त्या दारातून दिवसभर प्लास्टिकचा वास घरात यायचा. आमटीला तो वास, भाताला तो वास, आईच्या लुगड्यालाही तोच. पाहुणे आले की नाकाला पदर लावायचे. आम्हाला काही कळायचं नाही. उलट कधी चिकपेटेच्या बाजारात कापड घ्यायला गेलं, तर तिथली स्वच्छ हवा मला ओळखीची वाटायची नाही.

शेड अण्णाची, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची. अप्पा गेले तेव्हा मी लहान होते आणि अण्णा बापाच्या जागी आला. वयानं तो माझा बाप शोभला असता, आणि हातानंही. अप्पांचा हात चालायचा तसाच त्याचा चालायचा. तीच उंची, तोच कानशिलाचा नेम. कन्नड शाळेत माझी चौथी झाली, तेव्हा त्यानं मास्तरांना सांगितलं, "सरी, झालं, आता पुरे." दुसऱ्या दिवसापासून मी शेडमध्ये.

शेडमध्ये शीटचे ट्रे बनायचे. मिठाईच्या खोक्यात पेढे ठेवायला खड्डे असतात ते ट्रे, दिव्यांच्या बल्बवर बसणारी पारदर्शक टोपणं, ब्रशची पाकिटं. शीट मोठ्या गुंडाळ्यांतून यायची. उलगडताना कोणी कानाखाली मारावी तसा आवाज व्हायचा, आणि हाताचे केस उभे राहून शीट अंगाला चिकटू बघायची. तिची कड सुरीसारखी. माझ्या बोटांवरच्या पांढऱ्या रेघा अजून आहेत. तुकडा चौकटीत आवळायचा, वरून हीटर ओढायचा. त्याच्या कांड्या लाल होत. शीट आधी लाटा मारायची, मग एकदम ताठ व्हायची आणि मग मधोमध पोटासारखी खाली लोंबायची. ती लोंबली की हीटर मागे ढकलायचा, पायानं दांडा दाबून साचा वर आणायचा, आणि साचा हवा ओढून घ्यायचा. सुस्स असा आवाज झाला की शीट साच्याला सगळीकडून चिकटे. पंख्याखाली गार केली की झाला ट्रे. लवकर ढकललं तर कोपरे भरत नाहीत, उशीर केला तर शीट जळते. हे काम वहिनीचं.

वहिनी म्हणजे गिरिजावहिनी, खानापूरकडची. आमचं मराठी निम्मं कन्नड होतं, तिचं पुरतं मराठी. लग्न होऊन आली तेव्हा मी आईला "स्वल्प मीठ दे" म्हटलं, तर ती पदर तोंडावर धरून हसली. मला "वन्सं" म्हणायची, एवढ्याशा मुलीला, आणि मुद्दाम वाकून म्हणायची, "वन्सं, जेवायला या की. आज बेत मोठा आहे, भाकरी आणि भाकरीबरोबर भाकरी." आम्ही खराब झालेल्या ट्रेमध्येच जेवायचो. पेढ्याच्या एका खड्ड्यात ठेचा, एकात मीठ, एकात कांदा. ताटं घासायला नकोत म्हणून. वहिनी म्हणायची, राजाच्या घरीसुद्धा रोज नवं ताट नसतं.

मराठी लिहायला मला तिनं शिकवलं. वाया गेलेल्या शीटवर खिळ्यानं ओरखडलं की पांढरं अक्षर उठतं. दुपारी समोरचे लेथवाले जेवायला गेले की गल्ली गप्प व्हायची, तेव्हा ती 'ग' काढून द्यायची आणि मी गिरवायची. संध्याकाळी ती शीट दळून तिचा भुगा व्हायचा. आज मी हे लिहिते आहे ते त्या अक्षरात. माझा 'ळ' अजून तिच्यासारखा पोट सुटलेला येतो. हे कोणाला दाखवायचं नाही. सूनबाई पुण्याची, ती चांगली आहे, पण तिला हे सांगायला मला तोंड नाही.

ट्रे पंच मशिनखाली कापून निघाले की मागे उरते ती जाळी. खिडक्या खिडक्यांची, भोकाभोकांची शीट. ती ग्राइंडरमध्ये घालायची, आत पाती फिरतात, खाली भुगा पडतो. भुगा पोत्यात भरून गुजरीवाल्याला, म्हणजे भंगार घेणाऱ्याला, द्यायचा. ग्राइंडरचा आवाज असा की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नसे. कान धरून इशाऱ्यानं बोलावं लागे.

अण्णा मारायचा तेव्हा आई ग्राइंडर लावायची.

हे कधी सुरू झालं मला सांगता येणार नाही. अप्पांच्या वेळी ग्राइंडर नव्हता, तेव्हा ती रेडिओ मोठा करायची असं मला अंधुक आठवतं. स्वतःचा मार खाता खाता हात लांबवून रेडिओचं बटण फिरवणारी आई. अण्णाचं लग्न झालं, पहिल्यांदा वहिनीवर हात उठला, आणि आई उठली ती थेट ग्राइंडरच्या दांड्याकडे गेली, तो खाली पाडला की ग्राइंडर सुरू. गल्लीत दारं समोरासमोर होती. समोर नंजप्पाचं लेथ, त्याची बायको जयम्मा दारातच फुलांचे हार ओवत बसायची. आईला तिची लाज होती. "लोकांच्या घरी का जायला पाहिजे आपला आवाज," म्हणायची.

अण्णा हातानं मारायचा, पण त्याचं आवडतं म्हणजे पट्टी. जाड शीट कापली की कडेची लांब पट्टी उरते, लवलवीत, छडीपेक्षा वाईट. छडी लागते, पट्टी चिरते. पाठीवर ती ओढली की आधी पांढरी रेघ उठायची आणि मग त्या रेघेतून रक्ताचे थेंब मणी ओवल्यासारखे यायचे. मलाही बसली आहे. मला बसायची तेव्हा मी ओरडत नव्हते. मला ओरडताच यायचं नाही, त्यानं अण्णाला जास्त राग यायचा. "बोल की, मुकी," म्हणून आणखी एक. वहिनी मात्र ओरडायची. ती खानापूरच्या मोकळ्या रानातली, तिला गप्प राहून मार खायची सवय नव्हती. "मारा, मारा, लोकांना बघू दे," असं ती म्हणायची, आणि तोवर ग्राइंडर सुरू झालेला असायचा.

पण ग्राइंडरची एक खोड होती. त्यात जाळी असली की तो घरघरतो, गुरगुरतो, खाल्ल्यासारखा. रिकामा चालला की त्याचा आवाज बारीक, ताणलेला, सरळ रेघेसारखा होतो. गल्लीतल्या सगळ्यांचे हात मशिनवर होते, सगळ्यांना मशिनचे आवाज कळत होते. एकदा जयम्मा नळावर आईला म्हणाली, "काय हो अम्मा, तुमचा ग्राइंडर उपाशीच का चालतो दुपारचा?" एवढंच. हसली पण नाही. आई घागर अर्धी भरून परत आली. त्या दिवसापासून ती ग्राइंडर लावला की त्यात काहीतरी घालू लागली. मागे अण्णाची पट्टी चालू, वहिनी ओरडते आहे, आणि आई पाठ करून ढिगातली जाळी उचलून उचलून आत टाकते आहे. घास भरवावा तशी ती भरवायची.

ढीग दोन होते, दोन जातींच्या प्लास्टिकचे. एक पीव्हीसीचा, एक पेटचा. पेट शीट तेव्हा नवीन आली होती. खाण्याच्या वस्तूंना हीच द्या म्हणून गिऱ्हाईक सांगायचे. दोन्ही काचेसारख्या, डोळ्यांना फरक कळत नाही. दुमडून बघायची. पीव्हीसीला दुमड पडते तिथे पांढरं उमटतं, पेट तशीच राहते. ढीग वेगळे ठेवायचे, भुगा वेगळा, पोती वेगळी, कारण दोन्हींचा भुगा एकत्र झाला तर पेट वितळायच्या आत पीव्हीसी जळून काळी पडते आणि सगळा माल मातीमोल होतो. वेगळं करायचं काम वहिनीचं. ती बोलता बोलता तुकडा दुमडायची आणि न बघता डावीकडे उजवीकडे टाकायची. एकही चुकायचा नाही. मी आजही फळांचा डबा घरी आला की कोपरा दुमडून बघते. सूनबाई म्हणते, आई, तुम्ही डबे का मोडता. मी म्हणते, सवय.

आईला हे ढीग माहीत होते. पण पट्टी चालू असताना तिला डावं उजवं कुठलं सुचणार. हाताला येईल ते ती आत टाकत होती. मी दारात उभी राहून ते बघितलं होतं. वहिनीनंही बघितलं असेल, जमिनीवरून.

माझं स्वतःचं एक काम शेडमध्ये होतं, ते इथे सांगायला हवं. हीटरचा भार जास्त, त्यामुळे फ्यूज सारखा उडायचा. मेनची लोखंडी पेटी स्वयंपाकघराच्या दाराशी आतल्या भिंतीवर होती. दांडा खाली ओढायचा, झाकण उघडायचं, आतले चिनीमातीचे पांढरे फ्यूज उपटून त्यात नवी तार घालायची आणि परत बसवायचे. माझी बोटं बारीक म्हणून ते माझ्याकडे आलं. अंधारातही मला जमायचं. अण्णा म्हणायचा, "मुकी आहे, पण तार बरी घालते." त्याच्या तोंडून ऐकलेलं तेवढंच चांगलं.

त्या दिवशी गुजरीवाला सकाळीच आला. त्यानं पोती रिक्षातून काढून शेडमध्ये आपटली आणि एक फाडून भुगा जमिनीवर ओतला. "अण्णा, पेट म्हणून दिलंत आणि आत पीव्हीसी. ज्याला दिलं त्याची मशिन आतून काळी झाली. मला शिव्या घालून हाकललं." आजूबाजूचे दोघेतिघे दारात जमले. अण्णा त्यांच्यासमोर हसला, चहा मागवला, गुजरीवाल्याच्या पाठीवर थाप मारली. अण्णा बाहेर हसला की घरात काय होणार ते आम्हाला कळायचं. वहिनी सकाळभर हीटरवर काम करत राहिली. शीट लोंबायची, ती ढकलायची, साचा सुस्स करायचा. मी ट्रे रचत होते आणि तिच्या मानेवरची शीर उडताना दिसत होती.

दुपारी समोरचं लेथ थांबलं. गल्ली जेवायला बसली. अण्णानं शटर अर्धं खाली ओढलं.

"पोती कोणी भरली?"

"मी," वहिनी म्हणाली. "पण भुगा मी मिसळला नाही."

"मग काय भुतानं मिसळला?"

वहिनीनं आईकडे बघितलं. क्षणभरच. आई पाटावर तांदूळ निवडत बसली होती, तिनं मान वर केली नाही. वहिनीनं नजर काढून घेतली आणि म्हणाली, "मी नाही मिसळला. मला ढीग कळतात." तिनं नाव घेतलं नाही. का घेतलं नाही, हे मी पुढे खूप वर्षं मनात घोळवलं. घेतलं असतं तरी त्यानं मानलं नसतं, हे एक. आणि आई जाळी का घालत होती हे सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागलं असतं.

अण्णानं तिला वेणीला धरून मशिनपाशी नेलं. मला वाटलं पट्टी घेईल. त्यानं पट्टी घेतली नाही. त्यानं चौकटीतल्या शीटवर हीटर ओढला आणि उभा राहिला, शीट तापायची वाट बघत, एका हातात वेणी. तेव्हा मला समजलं. शीटनं लाटा मारल्या. ती ताठ झाली. "आत्याबाई," वहिनी आईला म्हणाली, "आत्याबाई, सांगा की यांना." आई उठली. मला वाटलं आता ही सांगेल. आई ग्राइंडरकडे गेली.

दांडा पडला. आवाज सुरू झाला. आणि त्या आवाजात शीट पोटासारखी लोंबली, अण्णानं हीटर मागे ढकलला आणि वहिनीचा उजवा हात मनगटाला धरून त्या मऊ शीटमध्ये दाबला.

तिचं तोंड उघडलेलं मला दिसलं. ऐकू काही आलं नाही. गरम शीट हाताभोवती बसली, मोजा बसावा तशी, आणि लगेच गोठू लागली. तिनं हात ओढला तशी शीट बरोबर आली आणि कातडीही. अण्णा तोंडानं काहीतरी म्हणत होता, पुन्हा पुन्हा तेच, आणि दुसऱ्या हातानं चौकटीत नवा तुकडा आवळत होता. आई पाठ करून ग्राइंडरला भरवत होती. त्या ढिगातून, या ढिगातून.

मी मेनपाशी होते. मी विचार केला असं म्हणणार नाही. माझ्या बोटांना जे येत होतं ते त्यांनी केलं. दांडा खाली, झाकण, फ्यूज उपटले, झाकण, दांडा परत वर. शेजारी पिठाचा डबा होता, त्यात हात कोपरापर्यंत घालून फ्यूज तळाशी दाबले.

ग्राइंडर लगेच थांबत नाही. आवाज खाली खाली उतरत गेला, आणि त्याच्या खालून वहिनीचा आवाज वर आला. तो आवाज त्या गल्लीत आधी कोणी ऐकला नव्हता, इतकी वर्षं तो ग्राइंडरच्या पोटात जात होता. त्यामागून अण्णाचा, अजून ग्राइंडरच्या वर बोलायच्या चढ्या सुरातला, "हात दे. दुसरा हात दे." सगळ्या गल्लीला ते ऐकू गेलं. त्यालाही स्वतःचं ऐकू आलं, आणि तो थांबून दाराकडे बघू लागला.

शटर खालून वर गेलं. पहिली जयम्मा आत आली, मांडीवरची फुलं खाली सांडत. मागून नंजप्पा, जेवणाचा हात तसाच. "अय्यो, काय केलंस रे," जयम्मा म्हणाली आणि वहिनीला कवेत घेऊन पाण्याच्या पिंपाशी नेलं. नंजप्पानं अण्णाला मारलं. उष्ट्या हातानं, तोंडावर. मग आणखी दोघांनी. एकानं आमचीच पट्टी उचलली. अण्णाचा ओठ फाटला, तो साच्यावर पडला, तिथे त्याला लाथा बसल्या. मला दुःख झालं नाही, आनंदही झाला नाही. पट्टीचा आवाज मात्र मला पहिल्यांदा नीट ऐकू आला. तो फार लहान असतो.

वहिनीला रिक्षातून दवाखान्यात नेलं. हात ओल्या पंच्यात. रिक्षात चढताना ती जयम्माला म्हणाली, "करंट गेला म्हणून वाचले." मग मागे वळून माझ्याकडे बघितलं. माझे हात पाठीमागे होते, कोपरापर्यंत पांढरे. तिनं ते बघितले की नाही, मला माहीत नाही. तिला मी परत बघितलं नाही. जयम्माच्या भावानं तिला खानापूरला पोचवलं एवढं कळलं, आणि पुढे, तिथे शाळेत मुलांना जेवण करून घालते, डाव्या हातानं भाकरी थापते, असं.

अण्णा स्कूटरवरून निघून गेला तो दिवेलागणीपर्यंत आला नाही. गल्लीत दिवे लागले. फक्त आमच्याकडे अंधार. सगळे म्हणाले, खांबावरचा फ्यूज गेला असेल, नेहमीचंच आहे. आईनं चिमणी लावली आणि भाकरीला बसली. मी कोपऱ्यात. तिनं डब्यात हात घातला. हात आत गेला आणि तिथेच राहिला.

मला वाटलं, आता मी मेले. अण्णाला कळलं तर तो मला हीटरखाली घालेल, हे तिलाही माहीत होतं. तिनं एकेक फ्यूज बाहेर काढला, परातीत ठेवला. चिमणीच्या उजेडात माझ्याकडे बघितलं. एवढ्यात गल्लीत स्कूटर वाजली. शटर वर गेलं. अण्णाची बॅटरी शेडमध्ये फिरली. "सगळ्यांकडे दिवे आहेत आणि आपल्याकडे का नाहीत?" तो ओरडला. "मेन बघतो." मग मला हाक, "सुमे, कुठे आहेस?"

आईनं फ्यूज पदराला पुसले आणि उठली. तिनं आयुष्यात मेनला हात लावला नव्हता, तिला शॉकची भीती. मी उठले, मेनचा दांडा खाली ओढला आणि तिच्या हातून फ्यूज घेऊन बसवले, ती माझ्यासमोर उभी राहिली, पदर पसरून, म्हणजे दारातून मी दिसू नये. झाकण लावलं. दांडा तिनं वर केला.

दिवे लागले. आणि ग्राइंडर सुरू झाला. त्याचा दांडा दुपारपासून पडलेलाच होता. अण्णा दारात उभा, ओठ सुजलेला, आणि मागे ग्राइंडर रिकामा, तो बारीक ताणलेला आवाज. आई त्याच्या बाजूनं चालत गेली आणि तिनं ग्राइंडर बंद केला. तो पूर्ण थांबेपर्यंत ती तिथेच उभी राहिली.

"करंट आला," ती म्हणाली. मग म्हणाली, "ती पोती मी मिसळली. तिनं नाही. तिला आणायला जायचं नाही."

अण्णानं हात उचलला. अप्पांची तीच उंची. आई हलली नाही, दांड्याकडे तिचा हात गेला नाही. शटर उघडं होतं. समोर जयम्माच्या घरी चूल फुंकल्याचा आवाज येत होता, कोणाचं तरी मूल पाढे म्हणत होतं, नंजप्पा खोकला. सगळं आत येत होतं. म्हणजे आपलं सगळं बाहेर जाईल, हे अण्णाला तिथे उभ्या उभ्या कळलं असावं. त्याचा हात वर होता, मग खांद्याशी आला, मग खाली.

आई आत आली. ग्राइंडरच्या काळ्या दांड्यावर तिच्या बोटांचं पीठ राहिलं होतं. तिनं परात पुढे ओढली, पाणी घातलं आणि भाकऱ्या थापल्या. त्या रात्री थापण्याचा आवाज सगळ्या गल्लीला ऐकू गेला असेल.